प्रकाशाचे पाट

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे शहरी एन्व्हिडिया कंपनीचा वार्षिक मेळावा भरला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सध्याच्या मोसमात या कंपनीच्या प्रत्येक शब्दाकडे जगाचे कान लागलेले असतात, त्यामुळे नव्या गणनचिपांच्या वार्ता त्याच दिवशी सर्वत्र पसरल्या. त्याच व्यासपीठावरून झालेली दुसरी एक घोषणा मात्र सामान्य वाचकाच्या नजरेतून सहज निसटावी अशी होती. हजारो संगणकांमध्ये माहितीची देवघेव घडवून आणणाऱ्या स्विच नावाच्या यंत्रात विजेचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चिप यापुढे मुख्य चिपला अगदी खेटून, एकाच बैठकीवर बसविली जाईल, अशी ती घोषणा. ब्रॉडकॉम ही दुसरी अमेरिकन कंपनी असे स्विच २०२४ पासूनच ग्राहकांच्या हाती देऊ लागली होती. म्हणजे प्रयोगशाळेतली ही वस्तू आता बाजारात उतरली आहे. आमच्या मते गणनचिपांच्या गाजावाजापेक्षा भारताने अधिक कान देऊन ऐकावी अशी वार्ता हीच होती. असे का म्हणावे, ते नीट सांगितले पाहिजे.

दूरदूरच्या शहरांना जोडणारी माहिती काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने धावते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु हा प्रकाश फक्त वाटेवरचा. तंतूच्या दोन्ही टोकांना जी यंत्रे बसलेली असतात ती विजेवर, इलेक्ट्रॉनांवर चालतात. ज्या गोमंतकीयाने खनिजाची वाहतूक पाहिली आहे त्याला यातली अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. खाणीवरून ट्रक, ट्रकातून धक्का, धक्क्यावरून बार्ज आणि बार्जमधून मुरगावच्या जहाजात, असा तो प्रवास. समुद्रावरची मजल स्वस्त पडते. पैसा आणि वेळ खातो तो चढउतारात. माहितीचेही तेच आहे. प्रकाश आणि वीज यांमधील चढउताराचे काम आजवर ट्रान्सीव्हर नावाच्या, बोटाएवढ्या डबीत होत आले. ही डबी स्विचच्या दर्शनी बाजूस खोचतात, आणि आतल्या मुख्य चिपपासून तिच्यापर्यंतचा वीतभर रस्ता तांब्याचा असतो.

हा वीतभर तांब्याचा रस्ताच आता महाग झाला आहे. माहितीचा वेग वाढेल तसा तांब्यातील संकेत झपाट्याने क्षीण होत जातो. सेकंदाला दोनशे अब्ज संकेत नेणारी तांब्याची केबल दोन मीटरच्या आसपासच दम तोडते. छापील पट्टीवरील वीतभर अंतरासाठीही संकेताला ढकलावे लागते, त्याचा विस्कटलेला आकार पुन्हा सावरावा लागतो, आणि त्यासाठी डबीत आणखी एक चिप बसवावी लागते. सेकंदाला आठशे अब्ज संकेत हाताळणारी एक डबी सुमारे १५ वॉट वीज खाते. अशा चौसष्ट डब्या एका मोठ्या स्विचला लागतात. म्हणजे केवळ या चढउतारावर एकेका स्विचमागे जवळजवळ एक किलोवॉट खर्च होतो. घरातील इस्त्री अहोरात्र तापत ठेवावी तसा हा प्रकार झाला. आणि मोठ्या डेटा सेंटरमध्ये असे स्विच हजारांनी असतात. प्रकाशाची चिप मुख्य चिपच्या शेजारी आणून बसविल्यास हा खर्च साडेतीन पटींनी घटेल, असा एन्व्हिडियाचा दावा आहे. विकणाऱ्याच्या दाव्यातून थोडे वजा करूनच घ्यावे, हा आमचा शिरस्ता; तरी उरते तेही थोडे नाही.

या साऱ्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यात भारतीय नावे आहेत. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. तो निबंध १९५४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि त्या काळची काच इतकी गढूळ होती की काही मीटरांतच प्रकाश विझून जाई. दोष काचेचा नसून तिच्यातील मळाचा आहे, आणि एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहील अशी काच मिळाली तर दूरध्वनी तिच्यातून नेता येईल, असे १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये मांडले. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी तशी काच ओढून दाखविली. आजच्या तंतूत किलोमीटरमागे शंभरातील पंचाण्णव भाग प्रकाश सुखरूप पोचतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळाले. कपानींना मिळाले नाही. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२१ साली, त्यांच्या निधनानंतर. असो.

तंतू अजून बाल्यावस्थेत असतानाच, १९६९ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे स्ट्यूअर्ट मिलर यांनी एक निबंध लिहून विचारले होते: एका चिपवर जसे अनेक ट्रान्झिस्टर कोरता येतात, तशी प्रकाशाची सारी सामग्री, म्हणजे लेसर, वाटा, फाटे आणि झडपा, एकाच पट्टीवर कोरता येणार नाही काय? प्रश्न सोपा होता. उत्तराला अर्धे शतक लागले.

ही चिप करते तरी काय? आपल्याकडील कुळागर डोळ्यांपुढे आणावे. ओहोळाचे पाणी अडवून पाटात घेतले की ते पाटाच्या बंधनात राहून पोफळीच्या बुंध्यापर्यंत जाते. पाटाला वळण देता येते, फाटे फोडता येतात, मातीचे ढेकूळ टाकून पाणी अडविता येते. प्रकाशाच्या चिपवर असेच पाट कोरलेले असतात. ते अर्धा मायक्रॉन रुंद, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत शंभरावर पाट शेजारी शेजारी मावतील इतके. पाट सिलिकॉनचा, आणि त्याच्या भोवतालची माती काचेची. सिलिकॉनमध्ये प्रकाश काचेतल्यापेक्षा कितीतरी मंद चालतो, त्यामुळे पाटात शिरलेला प्रकाश भिंतींवरून आतच परततो. आपल्या डोळ्याला शिशाच्या पत्र्यासारखी अपारदर्शक दिसणारी सिलिकॉनची चकती, दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाला मात्र स्वच्छ काचेसारखी मोकळी असते. हे जाणून सिलिकॉनमध्ये प्रकाशाचे पाट कोरावेत, हा आग्रह रिचर्ड सोरेफ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून धरला.

आता झडप. खाजनाच्या बांधातील मानस भरती-ओहोटीप्रमाणे उघडते आणि मिटते. चिपवरील झडपेला सेकंदाला अब्जावधी वेळा उघडावे-मिटावे लागते. लाकडी फळीचे हे काम नव्हे. म्हणून युक्ती अशी करतात की पाटाचे दोन फाटे करावयाचे, एका फाट्यातील प्रकाशाला विजेच्या दाबाने किंचित रेंगाळावयास लावावयाचे, आणि पुढे दोन्ही फाटे पुन्हा मिळवावयाचे. लाटेच्या माथ्यावर माथा पडला तर उजेड. माथ्यावर खळगा पडला तर अंधार. उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. पलीकडच्या टोकाला हा उजेड-अंधार ओळखून पुन्हा वीज उत्पन्न करण्याचे काम सिलिकॉनवर वाढविलेला जर्मेनियमचा थर करतो. समुद्राच्या लाटांवरून जे तत्त्व किनाऱ्यावरील मुलालाही उमगावे त्यावर ही सारी करामत उभी आहे.

एक उणीव मात्र सिलिकॉनच्या स्वभावातच आहे. ते प्रकाश वाहते, अडविते, ओळखते. पण स्वतः उजळत नाही. विजेपासून प्रकाश निर्माण करण्यास इंडियम फॉस्फाइडसारखे महागडे आणि ठिसूळ द्रव्य लागते. या बाबतीत २००४-०५ साली एक विलक्षण गोष्ट घडली. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात जो परिणाम शोधून काढला, त्याच रामन परिणामाचा आधार घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संशोधकांनी, आणि पाठोपाठ इंटेल कंपनीने, सिलिकॉनमधून लेसर किरण काढून दाखविला. पण त्यालाही बाहेरून दुसऱ्या लेसरचा प्रकाश पाजावा लागे, त्यामुळे बाजारात तो टिकला नाही. अखेर सिलिकॉनच्या पाठीवर इंडियम फॉस्फाइडची चकती चिकटविणे, किंवा लेसर बाहेरच ठेवून त्याचा प्रकाश तंतूने चिपपर्यंत आणणे, या दोनच वाटा उरल्या आणि आज दोन्ही वहिवाटीत आहेत. इंटेल आणि सांता बार्बरा येथील जॉन बोवर्स यांच्या चमूने पहिली वाट २००६ साली खुली केली.

इथे एक भ्रम दूर केला पाहिजे. प्रकाशाच्या चिपा आल्या म्हणजे आता संगणकही प्रकाशावर चालणार आणि इलेक्ट्रॉनांची सद्दी संपणार, असे उत्साही लेख अधूनमधून वाचावयास मिळतात. हा निव्वळ उतावीळपणा होय. प्रकाशाला साठवून ठेवणे अतिशय कठीण. आणि दोन प्रकाशकिरण एकमेकांतून जातात ते परस्परांची दखलही न घेता. ज्या स्वभावामुळे तो उत्तम वाहक ठरतो, त्याच स्वभावामुळे तो स्मरण आणि विचार यांच्या कामी दुबळा आहे. ही चिप म्हणजे टपालखाते आहे, कचेरी नव्हे.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग या चिपच्या बुद्धीत नाही, तिच्या जोडणीत आहे. काचतंतूचा प्रकाशवाहक गाभा सुमारे नऊ मायक्रॉनांचा, आणि चिपवरील पाट अर्ध्या मायक्रॉनाचा. नदीचे पात्र पन्हळीला जोडावे तसे हे काम. तंतूचे टोक एखाद्या मायक्रॉनानेही सरकले तरी प्रकाश बाहेर सांडतो. शिवाय सिलिकॉनचा गुण तापमानाबरोबर बदलतो. शेजारची मुख्य चिप तापली की पाट बिघडल्यासारखे वागू लागतात, आणि त्यांना ताळ्यावर ठेवण्यास वेगळी तजवीज करावी लागते. तंतू नेमक्या जागी आणणे, गोंदाने पक्का करणे, गोंद वाळताना तो हलणार नाही याची काळजी घेणे, एकेक चिप उजेडावर तपासणे, यातच या मालाच्या किमतीचा फार मोठा भाग जातो. पाट कोरण्यासाठी मात्र जगातील सर्वांत सूक्ष्म, सर्वांत महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रकाशाच्या लाटेची लांबीच एक मायक्रॉनाहून अधिक. तिला दोन-तीन नॅनोमीटरांच्या कोरीवकामाचा उपयोग नाही. गणनचिपांच्या शर्यतीत जुने ठरलेले नव्वद वा एकशेतीस नॅनोमीटरांचे कारखाने या कामाला उत्तम चालतात. हाताच्या कसबाला किंमत आणि यंत्राच्या अखेरच्या पिढीची सक्ती नाही, असा धंदा चिपांच्या जगात विरळा.

म्हणूनच हा विषय आम्हांस केवळ विज्ञानवार्तेचा वाटत नाही. इलेक्ट्रॉनांच्या चिपांची नौका भारताने कशी गमावली हे मध्यमवयीन वाचकांस आठवत असेल. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले. तैवानची टीएसएमसी, जिच्याकडे आज सारे जग हात जोडून उभे असते, ती स्थापन झाली १९८७ साली. आपण मागे नव्हतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीचा कारखाना आगीत सापडला आणि तो पुन्हा सावरेपर्यंत जग पुढे निघून गेले. केवळ आगीला दोष देऊन चालणार नाही. जळालेले घर पुन्हा बांधण्याची निकड दिल्लीला वाटली नाही, हे खरे दुखणे.

त्याच दशकात उलट अनुभवही आला होता. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने ग्रामीण भारतासाठी एकशेअठ्ठावीस जोडण्यांचे एक छोटे दूरध्वनी केंद्र घडविले. त्याला वातानुकूलन लागत नसे, खेड्यातील धूळ आणि उष्मा ते सोसत असे. त्यातले पहिले केंद्र जुलै १९८६ मध्ये सुरू झाले ते आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्मांच्या कित्तूर गावी. परदेशी कंपन्या दहा हजार जोडण्यांची अवजड यंत्रे विकावयास बसल्या असताना आपल्या अभियंत्यांनी आपल्या खेड्याच्या मापाचे यंत्र बनविले, आणि सरकारने ते विकत घेतले. ‘विकत घेतले’ या दोन शब्दांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

आजची स्थिती अशी आहे. काचेचा तंतू आपण उत्तम बनवितो. स्टरलाइटचे छत्रपती संभाजीनगर येथील कारखाने काचेच्या कांडीपासून केसासारख्या तंतूपर्यंतचे सारे काम करतात. परंतु त्या तंतूच्या दोन टोकांना बसणाऱ्या ट्रान्सीव्हरांसाठी आपण प्रामुख्याने परदेशांवर अवलंबून आहोत. दोरी आपली, गाठ परक्याची. चेन्नईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या साहाय्याने सिलिकॉनवरील प्रकाशचिपांचे केंद्र चालते, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही हे काम होते, आणि दोन्हीकडील संशोधन जगात मान्यता पावलेले आहे. पण चिप कागदावरून चकतीवर उतरवावयाची तर मलेशियातील सिल्टेरासारख्या कारखान्याशी हातमिळवणी करावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने चिपउद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्यातील एका उपयोजनेच्या नावातच ‘सिलिकॉन फोटॉनिक्स’ हे शब्द आहेत. ऑगस्ट २०२५ पर्यंत दहा प्रकल्पांना मंजुरी मिळाली. ओडिशातील एका प्रकल्पात चिपांसाठी काचेच्या बैठका बनणार असून त्यांच्या उपयोगांच्या यादीत फोटॉनिक्सचा उल्लेख आहे, एवढेच. प्रकाशचिप घडविणे हेच ज्याचे मुख्य काम, असा कारखाना त्या दहांत एकही नाही.

दरम्यान नवी मुंबईत, ऐरोलीपासून पनवेलपर्यंत, डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहत आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का; २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल असे तीच संस्था सांगते. म्हणजे जागा आपली, वीज आपली, पाणी आपले. आणि त्या इमारतींच्या आत जे काही मोलाचे आहे ते आयात केलेले. वखारीचे भाडे मिळते, नाही असे नाही. पण वखार आणि कारखाना यांतला फरक ज्या किनाऱ्याने चारशे वर्षे पाहिला, त्याला तो पुन्हा शिकवावयास नको.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. चीनमधील कंपन्या आज ट्रान्सीव्हर इतक्या प्रचंड संख्येने आणि इतक्या स्वस्त बनवितात की आपला माल त्यांच्यापुढे उभा राहणार नाही. शिवाय या धंद्यात मोठमोठ्यांचे हात पोळले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या. जगदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली स्थापन केलेल्या इन्फिनेरा कंपनीने २००४ साली पन्नासहून अधिक प्रकाशघटक चिपवर आणून सेकंदाला शंभर अब्ज संकेतांची जोडणी बाजारात आणली; एवढे करूनही अखेर २०२५ साली ती नोकियात विलीन झाली. सिलिकॉन लेसरचे गोडवे जगाने ज्या इंटेलमुळे गायिले, तिनेच आपला ट्रान्सीव्हरांचा धंदा २०२३ साली दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला. म्हणजे चार वर्षांत नफा मागणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

पण हॉलंडकडे पाहावे. सतराव्या शतकात ज्यांच्या गलबतांनी मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी केली त्या डचांचा देश लोकसंख्येने गुजरातच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नाही. डेल्फ्टच्या मेइंट स्मित यांनी १९८८ साली एकाच पाटातील अनेक रंगांचा प्रकाश वेगळा करणारी रचना मांडली. पुढे आइंडहोव्हनच्या विद्यापीठात ते काम चिकाटीने चालू राहिले, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या देशाने प्रकाशचिपांसाठी सरकारी आणि खाजगी मिळून १.१ अब्ज युरोंची तरतूद केली. मधल्या चौतीस वर्षांत तिथे सरकारे कितीतरी आली-गेली. प्रयोगशाळा बंद पडली नाही.

आम्ही कोट्यवधींच्या नव्या कारखान्याची मागणी करीत नाही. धोलेरा येथे टाटांचा जो कारखाना उभा राहत आहे तो अठ्ठावीस ते एकशेदहा नॅनोमीटरांच्या कोरीवकामाचा आहे. प्रकाशाचे पाट कोरण्यास हे माप पुरेसे आहे, मात्र त्यासाठी वेगळी चकती आणि वेगळी कृती आताच आखली पाहिजे. कारखाना भरून वाहू लागल्यावर त्यात नवी कृती शिरविणे फार कठीण जाते. दुसरे काम जोडणी आणि तपासणीचे. त्याला चिपकारखान्याइतके पाणी लागत नाही. केरीच्या नायलॉन आंदोलनानंतर कोणत्याही कारखान्याकडे संशयाने पाहावयास शिकलेल्या आणि तसे पाहण्याचा पूर्ण हक्क असलेल्या गोव्यानेही याचा विचार करावा. पेडण्यातील तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखलेली आहे. मायक्रॉनाच्या मापाने तंतू जोडणारे शंभर तरुण-तरुणी आमच्या तंत्रशाळांतून तयार करणे अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही. सोन्याच्या तारेचे नाजूक काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे हात याच भूमीत आहेत.

आणि तिसरी, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे खरेदी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. गावोगाव तंतू पोचविण्याच्या या कामात तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या राउटरांना ट्रान्सीव्हर लागणारच. त्यांतील काही टक्के, भले सुरुवातीस दहाच असोत, भारतात रेखाटलेल्या आणि भारतात जोडलेल्या चिपांचे असावेत, आणि त्यासाठी पहिली पाच वर्षे किंचित अधिक किंमत मोजावी, एवढी अट निविदेत घालता येते. कित्तूरचे केंद्र अशाच खरेदीमुळे उभे राहिले होते. यापुढे भारतनेटच्या निविदा निघतील तेव्हा त्यांतील अटींचा तक्ता आमच्या अभियंत्यांनी आणि खासदारांनी ओळीओळीने वाचावा. ट्रान्सीव्हर कोठून यावेत याविषयी त्यात एखादे कलम आहे की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.